बारा मिलिमीटर

"ताई, हे काही जुळत नाही," मिस्त्री म्हणाला. तिनं वर न बघताच विचारलं, "काय जुळत नाही?" सकाळचे अकरा वाजत आले होते. वर्कशॉपच्या लांब टेबलावर जुनं यंत्र सुटं करून मांडलं होतं, आणि ती दाराशी उभी राहून एका विद्यार्थिनीचा अहवाल चाळत होती. विभागानं ठरवलं होतं की सरांचं यंत्र आता काचेच्या कपाटात घालून जिन्यापाशी ठेवायचं. खाली पितळी पाटी, पाटीवर सरांचं नाव आणि एकेका भागाचं नाव-माप. मापं घ्यायचं काम मिस्त्रीकडे आलं होतं. त्यानं व्हर्नियरचे जबडे पुन्हा एकदा कपाच्या तोंडात सरकवले, डोळा बारीक केला आणि म्हणाला, "कागदावर तोंड वीस मिलिमीटर आहे. इथं बारा." "कागद चुकला असेल," ती म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. "असेल की," मिस्त्री म्हणाला, "पण मग पाटीवर काय लिहू? एकदा पितळेत कोरलं की खोडरबर चालत नाही." त्यानं नखानं कपाच्या कडेला खरवडलं, पेचकसाचं टोक हलकेच घातलं, आणि टक् असा आवाज होऊन एक पातळ स्टीलचं कडं निघून त्याच्या तळव्यावर पडलं. "हे बघा. मागाहून बसवलंय कुणीतरी. याचा रंगसुद्धा वेगळा. याला काय नाव देऊ?" तिच्या हातात अहवालाचं पान दुमडलं गेलं होतं. ते तिनं सरळ केलं, पुन्हा दुमडलं. मग "उद्या सांगते" म्हणाली आणि चालू लागली. जिना चढताना पायऱ्या नेहमीपेक्षा उंच झाल्यासारख्या वाटल्या. कुणीतरी मागून "मॅडम" म्हणून हाक मारली तेव्हा तिला कळलं की आपण आपल्या खोलीच्या दारावरून पुढे निघून आलो आहोत.

कडं कुणी बसवलं हे तिला विचारायची गरज नव्हती. ते तिनंच बसवलं होतं, दोनदा. पहिल्यांदा बसवलं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, केसांची वेणी पुढे आली की पंपाच्या पट्ट्यात अडकेल म्हणून सर तिला सारखे टोकायचे, आणि त्या टोकण्याचासुद्धा तिला अभिमान वाटायचा. सरांचा प्रयोग सांगायला सोपा होता. कार्बन डायऑक्साईडचा रेणू म्हणजे मधे एक कार्बन आणि दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन, तिघं एका ओळीत उभे. हवा उपसून काढलेल्या स्टीलच्या पिंपात या रेणूंची बारीकशी धार सोडायची आणि तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन तिच्यावर सोडायचे. बरेचसे इलेक्ट्रॉन नुसते आरपार जातात. पण एखाद्याचा वेग नेमका जुळला तर रेणू त्याला धरून ठेवतो. धरतो म्हणजे किती वेळ, तर ज्याला वेळ म्हणावं एवढाही नाही. तेवढ्यात त्याला ते ओझं पेलत नाही, ओळ तुटते, आणि एक ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन अंगावर घेऊन सुटून जातो. असे सुटलेले ऑक्सिजन एका लहान धातूच्या कपात गोळा करायचे आणि कपाला जोडलेल्या मीटरवर मोजायचे. किती रेणू तुटले हे कपात किती पडले त्यावरून ठरायचं. जे कपाबाहेर गेले ते तुटलेच नाहीत असं धरायचं, कारण ते मोजायला दुसरं काही नव्हतं. दीड वर्ष त्या मीटरचा काटा थरथरत होता. भरकटलेले इलेक्ट्रॉन कपात शिरतात म्हणून थरथरतो, असं तिचं म्हणणं होतं. तेव्हाच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडून तिनं एक कडं करून घेतलं, कपाच्या तोंडावर दाबून बसवलं, आणि काटा असा शांत झाला की सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. आकडाही खाली आला, आणि तो सरांनी मनाशी धरलेल्या एका जुन्या, दूरदेशीच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. "बघ," सर म्हणाले. एवढंच म्हणाले. पण त्या 'बघ'वर तिनं पुढची कितीतरी वर्षं काढली होती. शोधनिबंध छापून आला. आकृती मात्र आधीच काढून झालेली होती, ती कुणी बदलली नाही. कडं एवढंसं, त्यासाठी आकृती पुन्हा कोण काढत बसणार.

दुपारी तिनं जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. खिडकीखाली कुणी सायकलची साखळी बसवत होता; साखळी बसायची, एक फेरा मारला की पुन्हा निसटायची. ती बराच वेळ ते बघत राहिली. तिच्या पाठोपाठ सरांकडे शिकायला आलेल्या फुंकरचं खरं नाव विभागात कुणी घेत नसे. चहा असो, आरसा असो, टेबलावरची धूळ असो, तो आधी फुंकर मारायचा, म्हणून तो फुंकर. तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा, उंच, खांद्यात वाकलेला, आणि बोलताना आपल्याच बोलण्याला हसणारा. ती प्रबंध लिहायला बसली तेव्हा यंत्र त्याच्या हाती आलं. त्यानं आल्या आल्या सगळं उघडलं, भाग न् भाग घासून पुसून लख्ख केला आणि आकृती समोर ठेवून पुन्हा जोडला. एक वस्तू उरली. ती घेऊन तो तिच्या टेबलाशी आला होता. "ताई, हे कडं कुठलं? आकृतीत तर दिसत नाही." ती तेव्हा एका वाक्याच्या मधे होती. ते वाक्यसुद्धा तिला आठवत होतं, त्यात क्रियापद सापडत नव्हतं. "ठेव बाजूला," ती म्हणाली होती. त्यानं ते एका डबीत घालून खणात ठेवलं आणि डबीवर व्यवस्थित अक्षरात लिहिलं: 'कुठलं आहे ते ताईंना विचारणे.' मग त्यानं प्रयोग केला, आणि त्याचा आकडा सरांच्या आकड्याच्या दीडपट आला.

सर रागावले नाहीत. सर कधीच रागवत नसत, तीच तर अडचण होती. "परत कर," म्हणाले. त्यानं परत केला. दीडपट. "परत कर." आठ महिने तो परत करत राहिला. हिवाळा गेला, उन्हाळा आला, त्याच्या सदऱ्याच्या बाह्या वर गेल्या आणि खाली आल्या, आणि आकडा होता तिथेच. त्याचं हसणं कमी झालं. चहा तो थंड झाल्यावर प्यायला लागला. एकदा त्यानं तिला जिन्यात अडवून विचारलं होतं, "ताई, तुम्ही वेगळं काय करत होतात? मला नुसतं सांगा, मी तसंच करतो." त्यावर आपण काय म्हणालो ते तिला आज काही केल्या आठवेना. काहीतरी म्हणाली असणार. धीर सोडू नकोस वगैरे. मग सरांनी तिलाच सांगितलं, "तूच एकदा करून बघ आणि हा घोळ मिटव." ती यंत्रापाशी गेली. दुपारची वेळ होती, खोलीत पंपाचा आवाज सोडला तर काही नव्हतं. काटा थरथरत होता. तिनं खण ओढला. डबी होती. डबीवरचं अक्षर तिनं वाचलं. इथपर्यंत सगळं लख्ख आठवत होतं, बोटांना लागलेला स्टीलचा गारवासुद्धा. आणि तिथून पुढे तिला स्वतःच्या मनात काही केल्या शिरता येईना. कडं बसवताना आपल्याला ठाऊक होतं का? 'हे यंत्राचाच भाग आहे, त्यानं लावायला हवं होतं,' असं आपण मनाशी म्हणालो, हे आठवत होतं. पण असं मनाशी म्हणावं लागलं, म्हणजे कुणीतरी विचारत होतं. कोण विचारत होतं? काटा शांत झाला. तीन आठवड्यांत सरांचा आकडा सरांना परत मिळाला. तिनं वहीत तारीख लिहिली, दाब लिहिला, तापमान लिहिलं. कडं लिहिलं नाही.

फुंकरला सरांनी खोलीत बोलावलं तेव्हा ती तिथेच होती. "तुझी बुद्धी चांगली आहे," सर म्हणाले, "पण तुझ्या हाताला शिस्त नाही. फुंकरा मारत बसतोस. तोंडातली वाफ धातूवर बसते, महिनोन् महिने जात नाही. या कामाला दुसरा हात लागतो." फुंकरनं मान हलवली. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही; बघितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब ती अधूनमधून अनेक वर्षं करत आली होती, आणि तो प्रत्येक वेळी वेगळा निघाला होता. पुढच्या सोमवारी त्याचं टेबल रिकामं होतं. वर धुळीचा कण नव्हता.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून त्याचा स्वभाव उलट फार क्षमाशील झालेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शुद्धिपत्र काढ की मग. शुद्धिपत्र कुणी वाचत नाही, पण काढणाऱ्याला जरा बरं वाटतं." "पण आधी चूक आहे हे तरी ठरायला नको का?" ती म्हणाली. तो तिच्याकडे बघत राहिला. "ठरलेलं नाही?" त्यानं विचारलं. ठरलेलं होतं. तिच्याच वर्गात ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत होती की तुटलेले तुकडे सगळे सारख्या वेगानं जात नाहीत, काही जोरात आणि आडवे सुटतात, कपाचं तोंड अरुंद असलं तर नेमके तेच कडेला आपटतात आणि मोजायचे राहतात. हे शिकवताना तिचा आवाज कधी कापला नव्हता. एकाच माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी इतकी वर्षं शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींना ओळख देत नाहीत, हे कसं होतं, ते तिला समजेना.

दुसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रीला सांगितलं, पाटी थांबव, यंत्र परत जोड. "कपाटात घालायचं सोडून?" तो म्हणाला. "आता कुठं त्याला निवृत्त केलंय, ताई." तरी त्यानं जोडलं. पंप तीन दिवस चालू ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी तिनं एकटीनं मोजलं, कड्यासकट. सरांचा आकडा आला. मग सगळं उघडून कडं काढलं, काट्याची थरथर घालवायला आता बाहेरून चुंबकाची सोय होती ती लावली, पुन्हा तीन दिवस पंप, आणि पुन्हा मोजलं. काटा शांत होता. आकडा दीडपट. तिनं परत केलं. परत केलं. 'परत कर' हे शब्द तोंडानं न उच्चारता तिनं ते अकरा वेळा केलं आणि मग हात मांडीवर ठेवून बसली. चोवीस वर्षं जगभरचे लोक तो आकडा उचलून आपापल्या गणितात घालत आले होते. कुणी वायूचे लेसर बांधले होते, कुणी दूरच्या ग्रहाच्या हवेचं गणित मांडलं होतं. त्यांचं फारसं काही बिघडलं नसणार. अशा आकड्यांत सगळेच थोडी ढिलाई धरून चालतात. लेसर चालतच होते. ग्रह आपल्या जागी होता. बिघडलेली गोष्ट एकच होती आणि ती गोष्ट कुठे राहते हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

आधी ती सरांकडे गेली. सरांना दीड वर्षापूर्वी झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द राहिला होता, 'बरं.' काकूंनी दार उघडलं आणि "आलीस का गं, बस, बोल त्यांच्याशी, मी चहा टाकते," म्हणून त्या आत गेल्या. सर खिडकीपाशी खुर्चीत होते. मांडीवर शाल, डोळ्यांवर नवा दिसणारा चष्मा. ती स्टूल ओढून अगदी जवळ बसली. तिला वाटलं होतं, आपण आधी इकडचं तिकडचं बोलू. पण तिनं एकदम सांगायलाच सुरुवात केली. कड्यापासून, वेणीपासून, दोनदा बसवल्याचं, वहीत न लिहिल्याचं, आत्ताच्या अकरा वेळांचं. "सर, आपला आकडा चुकला होता. त्याचा बरोबर होता. मला माहीत होतं सर. माहीत होतं असं नाही, पण..." "बरं," सर म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलं नाही." "बरं. बरं." आणि त्यांच्या चष्म्याखालून पाणी वाहायला लागलं, गालावरून हनुवटीपर्यंत, आणि तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं. तिनं त्यांचा डावा हात घट्ट धरला. तिला वाटलं, कळलं, निदान यांना कळलं. तेवढ्यात काकू कप घेऊन आल्या आणि पदरानं त्यांचे डोळे पुसत म्हणाल्या, "हे मनावर घेऊ नकोस हो. हल्ली कशानंही रडतात. काल दारात पोस्टमन आला तर त्याला बघून रडले. डॉक्टर म्हणतात, आत काही नसतं, नुसतंच येतं." तिनं सरांकडे बघितलं. आत काही होतं की नव्हतं, हे सांगू शकेल असं त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "बरं," सर चहाकडे बघून म्हणाले.

"चष्मा छान आहे," काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली. "अगं, तो फुंकर आला होता ना!" काकू म्हणाल्या. "तुमच्या वेळचा. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, जुन्या टपाल कचेरीच्या मागे. सरांचं कळलं तसा आला, डोळे तपासले, आठ दिवसांनी स्वतः आणून दिला. फार गुणी. तासभर यांचा हात धरून बसला. म्हणाला, सर, तेव्हा तुमचे आठ महिने मी वाया घालवले, माझी चूक होती, मनात राहिलं होतं, आज सांगून टाकतो." काकूंनी कप खाली ठेवला. "हे म्हणाले, बरं. तो बिचारा इतका खूश झाला! मला म्हणाला, काकू, सरांनी माफ केलं."

तिथून ती कशी निघाली, रस्ता कसा ओलांडला, कुणी हॉर्न वाजवला का, यातलं तिच्या ध्यानात काही राहिलं नाही. दोन दिवस तिनं जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती टपाल कचेरीच्या मागच्या गल्लीत उभी होती. दुकान अरुंद आणि खोल. पुढे काउंटर, भिंतीभर चष्म्यांच्या दांड्या, मागे पडद्याआड तपासायची खोली. काउंटरवर कुणी नव्हतं. पडद्यामागून आवाज आला, "आत या, बसा खुर्चीवर, आलोच." आणि ती जाऊन बसली. तो आला. केस गेले होते, खांदे तसेच वाकलेले. अंधारात त्यानं तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. समोर अक्षरांची पाटी उजळली, त्यानं तिच्या नाकावर जड चौकट बसवली आणि तो भिंगं बदलायला लागला. "हे स्पष्ट की हे? आता? घाई नाही, मॅडम. जे दिसतं तेच सांगायचं. बरोबर अक्षर कोणतं असेल ते ओळखायचं नाही. सगळे तेच करतात, परीक्षा असल्यासारखे. मग चष्मा चुकतो आणि येतात माझ्याशी भांडायला." आणि आपल्याच बोलण्याला हसला. ती चौथ्या ओळीशी अडली. "दिसत नाही," ती म्हणाली. तो थांबला. त्यानं चौकट काढली, दिवा लावला. "ताई?"

तिनं त्याला तिथेच, त्या खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. तो भिंगांच्या पेटीत एकेक भिंग आपापल्या खाचेत ठेवत ऐकत होता. सगळी भिंगं संपली तरी तो रिकामी बोटं खाचांवरून फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझा बरोबर होता." "हो." "दीडपट." "एक पूर्णांक सत्तेचाळीस. तुझा एक पूर्णांक एक्कावन्न होता. फरक काहीच नाही." "मी तो आकडा विसरलो होतो," तो म्हणाला, "आठवत असताना विसरतात तसा." मग ती घाईघाईनं बोलू लागली. शुद्धिपत्र पाठवायचंय, त्यात तुझं नाव घालणार आहे, कोणी मोजलं, कधी मोजलं, सगळं लिहिणार आहे, फक्त तू हो म्हण. "नको," तो म्हणाला.

"का पण?"

"ताई, माझा आकडा चुकला होता, म्हणून मी निघून आलो. यात लाज नाही. माणूस चुकतो, त्याला जे जमत नाही ते सोडतो, दुसरं काही शिकतो. बाबांना तसंच सांगितलं. बायकोला सांगितलं. मुलीला तर मी गोष्टीसारखं सांगतो, तुझा बाप कसा धांदरट होता, फुंकरा मारून मारून यंत्र कसं बिघडवलं. तिला हसू येतं." तो बोलताना भिंतीकडे बघत होता. "आता तुम्ही म्हणता मी बरोबर होतो. मग मला सांगा, बरोबर होतो तर निघून का आलो? भांडलो का नाही? आठ महिने रोज तेच दिसत होतं ना डोळ्यांना? एकदा कुणी तुझ्या हाताला शिस्त नाही म्हणालं, आणि मी हात खाली घेतले. त्या माणसाला काय म्हणायचं? त्याच्याबरोबर मी काय करू आता, या वयात? कुठं ठेवू त्याला?" त्याचा आवाज चढला नव्हता. तिला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा गेले," तो म्हणाला, "त्यांना कोण सांगणार." ती म्हणाली, "चूक माझी आहे. तुझी कशी?" "तुमची आहेच," तो म्हणाला, इतक्या साधेपणानं की तिला ते पटकन लागलंसुद्धा नाही. "ती तुम्ही छापा. मला त्यात घेऊ नका. माझ्या मुलीला यातलं काही कळता कामा नये." बाहेर काउंटरवर कुणी नाण्यानं टकटक करत होतं. तो उठला. दारातून वळून, दुकानदाराच्या आवाजात म्हणाला, "तुमचा नंबर वाढलाय. आलाच आहात तर चष्मा करून घ्या. आठवड्यानं मिळेल." तिनं मान हलवली. एरवी ती नाही म्हणाली असती. पण नाही म्हणायचा हक्क आपल्याकडे उरला आहे असं तिला वाटलं नाही.

शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला तिनं शुद्धिपत्र पाठवलं. त्यात लिहिलं, 'कडं मी बसवलं होतं, आणि त्याचा उल्लेख मी केला नाही.' संपादकांचं उत्तर लगेच आलं. अतिशय सभ्य. प्रामाणिकपणाबद्दल आभार. सोबत छापायचा मजकूर, सात ओळींचा. नवऱ्यानं तो सवयीनं पेन्सिल हातात घेऊन वाचला. "'कडं बसवण्यात आलं होतं,'" त्यानं मोठ्यानं वाचलं. "कुणी?" "त्यांची तशी पद्धत आहे," ती म्हणाली, "'मी' चालत नाही." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. तिनं संपादकांना पुन्हा लिहिलं. पुन्हा सभ्य उत्तर आलं, की घटनेला महत्त्व आहे, व्यक्तीला नाही, आणि आपल्या भावना आम्ही समजू शकतो. विभागात कुणी काही बोललं नाही. एका तरुण सहकाऱ्यानं जिन्यात "मॅडम, ग्रेट" असं म्हणून अंगठा वर केला. त्या क्षणी तिला त्याच्या हातावर फटका मारावासा वाटला, आणि ती हसली. मिस्त्रीनं पाटीवर शेवटी माप कोरलंच नाही. "नुसतं 'कप' लिहिलंय," म्हणाला, "उगाच कोण व्हर्नियर घेऊन येणार आहे?"

चष्मा तयार असल्याचा निरोप आला तरी ती तीन आठवडे गेली नाही. मग दुसरा निरोप आला. ती गेली तेव्हा काउंटरवर एक मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची, खांद्यात किंचित वाकलेली. "बाबा भिंगं आणायला गेलेत," मुलगी म्हणाली आणि पावती न बघताच खणातून नेमकी डबी काढली. "तुम्ही त्या ताई ना? बाबा म्हणाले होते, एक ताई येतील, त्यांच्याबरोबर शिकायला होत्या." मुलीनं काउंटरच्या बाहेर येऊन तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, मागे होऊन मान तिरकी करून बघितलं, काढला, दांडी तापवून जराशी वाकवली, पुन्हा चढवला. तिच्या बोटांना घाई नव्हती. भिंतीवरच्या चष्म्यांच्या कडा एकेक करून वेगळ्या झाल्या, मुलीच्या भुवईतला एक लहानसा जुना व्रण दिसला. "एक विचारू?" मुलगी हसत म्हणाली. "बाबा खरंच एवढे धांदरट होते? ते सांगतात त्यावर माझा विश्वासच बसत नाही. इथं तर एक स्क्रू इकडचा तिकडे झालेला चालत नाही त्यांना. मला वाटतं, काहीतरी लपवतात." मुलगी उत्तराची वाट बघत उभी होती. दोन्ही हात अजून तिच्या कानांमागे, चेहरा इतका जवळ की श्वास जाणवत होता. त्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल नव्हतं. बऱ्याच दिवसांपासून काहीतरी मनात धरून बसलेलं माणूस असं बघतं. सगळं तिच्या ओठांवर आलं. आकडा आला, डबी आली, डबीवरचं अक्षर आलं. तिनं खाली बघितलं.

"होते बाई," ती म्हणाली. "फार धांदरट होते."

मुलगी खळखळून हसली. पण हसता हसता मधेच थांबली, आणि क्षणभर तिच्या नजरेत काहीतरी विझल्यासारखं झालं. मग तिनं दांड्या पुन्हा एकदा चाचपल्या, कानामागचे केस हलकेच बाजूला केले आणि विचारलं, "टोचत नाही ना कुठं?"

"नाही," ती म्हणाली.